दुष्काळ, हरळी व संजीवके

शेतात हरळी माजली की शेतकऱ्याच्या कपाळास आठी पडते. कुंदा व हरळी ही काळ्या जमिनीची जुनी दुखणी होत. ती उकरून काढण्यासाठी आमच्या वाडवडिलांनी किती मजुरी खर्ची घातली व किती बैलजोड्या लोखंडी नांगरास जुंपल्या, याचा हिशोब लागणे कठीण आहे. परंतु हीच हरळी दूर्वा म्हणून गणपतीच्या पूजेस चालते, हीच जनावरे आवडीने खातात, आणि बर्म्युडा ग्रास या नावाने हीच जगातील उष्ण प्रदेशांतील क्रीडांगणांवर व बागांतून पैसे मोजून लावली जाते. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात टिफ्टन येथील संशोधनक्षेत्रावर ग्लेन बर्टन यांनी १९४३ साली हरळीची कोस्टल नावाची वैरणीची जात काढली; पुढे हरळी व तिची आफ्रिकेतील एक भगिनीजाती यांच्या संकरातून उपजलेली टिफवे ही हिरवळीची जात १९६० साली तेथूनच बाहेर पडली. आम्ही जिला खणून बांधावर फेकतो, तिचीच निपज करून परदेशांतील शेतकरी संसार चालवितात.

आता आपल्याकडेही शहरांच्या आसपास दहा-वीस गुंठ्यांत हिरवळ वाढवून तिचे चौकोनी तुकडे विकणारे शेतकरी दिसू लागले आहेत. त्यांचेकडून, व कुरणे राखणाऱ्या काही सभासदांकडूनही, आम्हांस एकच प्रश्न वारंवार विचारला जातो: उन्हाळ्यात विहिरीचे पाणी तुटले असता संजीवकाची फवारणी करून गवत तगेल काय, आणि पाऊस पडल्यावर ते लवकर सावरेल काय? या प्रश्नाचे आमचे उत्तर आरंभीच सांगून टाकितो. दुष्काळात गवतास जे संजीवक उपयोगी पडते ते वाढ रोखणारे आहे, वाढविणारे नाही. त्याची वेळ पाणी तुटण्यापूर्वीची आहे, नंतरची नाही. आणि ते पाण्याची जागा कधीही घेऊ शकत नाही. या तीन गोष्टी ध्यानात न घेता जो दुकानाची पायरी चढेल, त्याचे पैसे जातील व गवतही जाईल.

प्रथम संजीवक या शब्दाचाच विचार करू. हा शब्द कानी पडताच मृतास उठविणाऱ्या संजीवनीची आठवण होते, आणि तेथेच फसगतीस आरंभ होतो. वस्तुतः वनस्पतीच्या अंगात अत्यल्प प्रमाणात निर्माण होऊन तिची वाढ, फूट, फुलोरा, पक्वता व पानगळ यांचे नियमन करणारी जी द्रव्ये, त्यांस व तशाच प्रकारे कार्य करणाऱ्या कृत्रिम द्रव्यांस आपण हे नाव दिले आहे. त्यांपैकी काही लगामासारखी असतात व काही चाबकासारखी.

चाबकाचे उदाहरण जिबरेलिन हे होय. भाताची रोपे अकारण उंच व फिकट होऊन कोलमडतात, असा एक रोग जपानी शेतकऱ्यांस ठाऊक होता. एका बुरशीच्या अंगातून पाझरणाऱ्या द्रव्यामुळे रोपांची अशी अवस्था होते, हे १९२६ साली कुरोसावा या संशोधकाने दाखविले. १९३५ साली याबुता यांनी त्या द्रव्यास जिबरेलिन हे नाव दिले. आमच्या नाशिक व सांगलीकडील द्राक्षबागाईतदारांस याचा परिचय नव्याने करून देण्याचे कारण नाही. मणी लांब व मोठे होण्यासाठी ते याच द्रव्यात घड बुडवितात. प्रत्येक वनस्पती आपल्या अंगी हे द्रव्य स्वतः तयार करीत असते व त्यायोगे तिच्या पेशी लांबतात. ही घडण मध्येच अडविणारी द्रव्ये म्हणजे वाढनिरोधके. द्राक्षातील क्लोरमेक्वाट, कोकणच्या हापूस आंब्यास देण्यात येणारे पॅक्लोब्युट्राझोल, व परदेशी हिरवळींवर फार वापरले जाणारे ट्रायनेक्झापॅक-इथाइल ही सर्व या एकाच कुळातील होत.

यांखेरीज आणखी दोन द्रव्यांचा दुष्काळाशी निकट संबंध आहे. मुळांभोवतीची माती सुकू लागली की वनस्पतीच्या अंगी ॲबसिसिक आम्ल वाढते, आणि पानांवरील सूक्ष्म रंध्रांची दारे मिटू लागतात; पाण्याची उधळपट्टी थांबविण्याचा हा निसर्गाचाच हुकूम समजावा. दुसरे सायटोकायनिन. याच्या योगाने पेशींचे विभाजन होते, नवी फूट निघते व पान पिवळे पडण्यास विलंब लागतो. दुष्काळात याचे प्रमाण घटते, म्हणूनच खालची पाने आधी वाळतात. समुद्रशैवालाच्या अर्कात या जातीची द्रव्ये असतात, आणि अशा अर्काने हिरवळीची दुष्काळ सोसण्याची शक्ती काही प्रयोगांत वाढलेली आढळली आहे. तथापि अर्क कोणत्या शैवालाचा व कसा काढलेला यावर त्याचा गुण अवलंबून असल्यामुळे, एका बाटलीचा अनुभव दुसऱ्या बाटलीस लागू पडेल असे समजू नये.

आता वाढ रोखल्याने दुष्काळात लाभ कसा होतो ते पाहू. गवताचे पान जितके लांब व दाट, तितका त्याच्या अंगातून पाण्याचा उपसा अधिक. निरोधक फवारल्यावर पेशी आखूड राहतात, पान ठेंगणे व गर्द हिरवे होते, कापणी कमी करावी लागते, आणि लांबी वाढविण्यात जे अन्न खर्च झाले असते त्यातील काही अंगात शिल्लक राहते. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात बिंग्रू हुआंग व त्यांचे सहकारी यांनी केंटकी ब्लूग्रास व क्रीपिंग बेंटग्रास या थंड हवेच्या दोन गवतांवर असे प्रयोग केले व ते २००८ साली प्रसिद्ध झाले. ॲबसिसिक आम्ल किंवा ट्रायनेक्झापॅक यांची फवारणी मिळालेल्या गवताने, पाणी तोडल्यावर, न फवारलेल्या गवतापेक्षा पानांतील ओल अधिक राखली व त्याचा हिरवेपणा अधिक टिकला. मात्र पाण्याची बचत सर्वच प्रयोगांत सारखी दिसून आलेली नाही; गवताची जात, जमीन, उष्मा व मात्रा यांप्रमाणे ती बदलते. शिवाय ही गवते थंड मुलखातील आहेत, आणि आमची हरळी उन्हाची लेक आहे. तेव्हा तेथील आकडे जसेच्या तसे येथे आणू नयेत. त्यांमागील तत्त्व तेवढे घ्यावे.

ते तत्त्व म्हणजे संयम आधी, संकट मागाहून. आमच्या शेतकऱ्यांस हे नवीन नाही. सोलापूर भागात रावबहादूर कानिटकर यांनी कोरडवाहू शेतीचे जे प्रयोग १९३३ सालापासून चालविले, त्यांतून मुंबई इलाख्याची कोरडवाहू पद्धत सिद्ध झाली. तीत बांधबंदिस्ती व कोळपणीबरोबरच ओळींत अंतर अधिक ठेवणे व बियाणे कमी टाकणे यांस महत्त्व दिलेले आहे. रोपे विरळ ठेवली की जमिनीतील ओल दाणा भरेपर्यंत पुरते. पेरतेवेळी शेत भरगच्च दिसावे म्हणून दाट पेरणारा मनुष्य पौषात हळहळतो. हिरवळीवरील निरोधक हेच काम औषधाच्या वाटेने करते. फरक इतकाच की ताटांची संख्या कमी न होता पानांचा विस्तार कमी होतो.

म्हणूनच वेळेस सर्वाधिक महत्त्व आहे. निरोधक हे गवत वाढत असता, जमिनीत ओल असता व पान टवटवीत असताच शोषले जाते. एकदा पान सुकून निळसर करडे झाले, पायाखाली दबलेले गवत पुन्हा उभे राहीनासे झाले, म्हणजे फवारणीची वेळ टळली असे समजावे. त्यावेळी निरोधक दिले तर आधीच खुंटलेले गवत अधिकच खुंटते. आणि वाढविणारे द्रव्य दिले तर काय होते, ते आमच्या परिचयाच्या एका हिरवळ-उत्पादकाने अनुभविले आहे. चैत्राच्या अखेरीस त्याची विहीर दिवसाकाठी तासभरही चालेनाशी झाली. वीस गुंठे हिरवळ सुकू लागलेली पाहून त्याने उधारीवर एक टॉनिक आणले. बाटलीवर पिकाचे नाव नव्हते, मात्रा तोंडी सांगितलेली. चार-सहा दिवसांत गवत लांबले व फिकट हिरवे दिसू लागले, आणि गड्यास आनंद झाला. परंतु जे पाणी मुळांशी आठवडाभर पुरले असते ते त्या वाढीत दोन-तीन दिवसांत संपले, आणि मग जे वाळले ते डोळ्यांदेखत वाळले. दुष्काळात थकलेल्या बैलास चाबूक मारून चार पावले अधिक चालविता येते, पण तो पुन्हा उठेल याचा भरवसा राहत नाही.

वेळेबरोबर मुदतीचाही विचार हवा. निरोधकाचा अंमल ठराविक दिवस टिकतो असे मानणे चुकीचे आहे. उष्णता जितकी अधिक तितका तो लवकर उतरतो. विस्कॉन्सिन विद्यापीठातील क्रूझर व सोल्डाट यांनी बेंटग्रासच्या गोल्फ मैदानांवर २०११ साली दाखवून दिले की, रोजच्या सरासरी उष्णतेच्या अंशांची बेरीज सुमारे २०० झाली की ट्रायनेक्झापॅक पुन्हा द्यावे लागते. म्हणजे सरासरी उष्णता २० अंश असता हा अंमल १० दिवसांचा, व २५ अंश असता ८ दिवसांचाच. हा आकडा त्या गवताचा व त्या मात्रेचा आहे, हरळीचा नाही. परंतु त्यातील बोध सर्वत्र लागू आहे. अंमल उतरला की दबलेली वाढ एकदम उसळी घेते, आणि ही उसळी नेमकी पाणी तुटण्याच्या दिवसांत आली तर पूर्वीचा सर्व लाभ धुऊन निघतो. जो महिनाभर पाळत ठेवू शकत नाही, त्याने या भानगडीत न पडलेले बरे.

फवारणीपूर्वी जी बिनखर्ची कामे करावयाची ती अशी. पाणी मुबलक असताच रोज थोडे थोडे शिंपण्याची सवय मोडून, खोल भिजेल असे पाणी अंतराअंतराने द्यावे. त्यामुळे मुळे खाली उतरतात. कापणी एका वेळी पानाच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक करू नये, व उन्हाळा जवळ येताच कापणीची उंची वाढवावी. युरियाचा हात आखडावा. ही कामे न करता केवळ फवारणीवर विसंबणे म्हणजे पाया न भरता भिंतीस गिलावा करणे होय.

पाणी तुटल्यावर मात्र गवतास विश्रांती द्यावी. खत नको, कापणी नको, जनावर नको, फवारणीही नको. वरची पाने वाळून गेली म्हणजे हरळी मेली असे नव्हे. तिचा जीव जमिनीखालच्या कांड्यांत व पेऱ्यांत असतो. ज्याने हरळीचे रान खणले आहे त्यास हे सांगावयास नको. वैशाखभर उन्हात पडलेली तिची कांडी मृगाच्या सरीने फुटते, हे आपण दरसाल पाहतो व तिच्या नावाने बोटे मोडतो. थंड हवेच्या गवतांचा जीव त्यामानाने नाजूक असतो, म्हणून परदेशी तज्ज्ञ त्यांस दोन ते चार आठवड्यांतून एकदा अर्धा इंच पाणी देण्यास सांगतात. तेवढ्याने गवत हिरवे होत नाही, पण त्याचा गड्डा जिवंत राहतो.

पाऊस आल्यानंतर सावरण्याचा काळ येतो, आणि येथे दुसरी चूक घडते. मोडलेले गवत नव्या पानांनी पुन्हा झाकले जाण्यासाठी वाढ हवी असते; अशा वेळी निरोधक देणे म्हणजे आजारातून उठलेल्याचे अन्न तोडणे होय. नवी फूट पेऱ्यापेऱ्यांतून निघून जमीन झाकू लागली की अल्प प्रमाणात नत्र द्यावे, पहिली कापणी उशिरा व उंचावर करावी, आणि रान पूर्ण भरल्यावरच पुन्हा निरोधकाचा विचार करावा. शैवालअर्क वापरावयाचाच तर तो या फुटीच्या वेळी, व तोही पट्टा मारून पाहूनच वापरावा.

आता पाण्याच्या हिशोबाबद्दल, कारण आमच्या मते खरा प्रश्न तेथेच आहे. एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरास एक लिटर. उन्हाळ्यात हिरवळ हिरवी ठेवण्यास दिवसाला पाच मिलिमीटर धरले, तर एका गुंठ्यास सुमारे पाचशे लिटर व एका एकरास सुमारे वीस हजार लिटर पाणी रोज लागते. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातुरास पोहोचली. तिच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. तहानलेल्या शहरासाठी आगगाडीने आलेले हे पाणी म्हणजे एक एकर हिरवळीचे अवघे पंचवीस दिवसांचे पाणी होय. दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिल रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल क्रिकेटचे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश दिला. त्यावर पुष्कळ वादविवाद झाला. आम्ही क्रीडांगणांचे वैरी नाही, आणि हिरवळ विकून चार पैसे मिळविणारा शेतकरी आमचाच बांधव आहे. परंतु ज्या गावी हंड्यांची रांग लागली आहे तेथे टँकरच्या पाण्यावर हिरवळ राखणे आम्हांस अनुचित वाटते, आणि ते संजीवकाच्या नावाने झाकले जाऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. संजीवकाने दोन-चार पाळ्या वाचत असतील तर ते पाणी विहिरीत राहिले पाहिजे. ते वाचले म्हणून आणखी पाच गुंठे हिरवळ वाढविली तर बचत कसली? ज्यास पाण्याची खात्री नाही त्याने हरळीचीच हिरवळ लावावी, चार महिने ती पिवळी पडू द्यावी, आणि गिऱ्हाइकास तसे आधीच सांगावे.

काही वाचक म्हणतील, हिरवळीचा हा न्याय आमच्या ज्वारी-बाजरीस का लावू नये? येथे सावध केले पाहिजे. हिरवळीकडून आपणांस केवळ जमिनीवरचे झाकण हवे असते; पिकाकडून दाणा हवा असतो व कडबाही हवा असतो. वैरणीच्या गवताची वाढ रोखली तर पाणी वाचेल, पण गंजी लहान होईल. म्हणून ज्या पिकासाठी, ज्या अवस्थेत, ज्या मात्रेने शिफारस झाली आहे तेथेच ही द्रव्ये वापरावीत. या बाबतीत झालेली हयगय किती महाग पडते, हे २०१० साली द्राक्षबागाईतदारांनी पाहिले आहे. क्लोरमेक्वाटचे अवशेष मर्यादेपेक्षा अधिक आढळल्यामुळे त्या हंगामात युरोपात आमची द्राक्षे अडली व शेतकऱ्यांचे मोठे नुकसान झाले. पॅक्लोब्युट्राझोलही जमिनीत दीर्घकाळ राहते. अशक्त व तहानलेल्या आंब्यास ते देऊ नये हे कोकणातील जाणते बागाईतदार जाणतात.

कायद्याची माहितीही असू द्यावी. जिबरेलिक आम्ल, क्लोरमेक्वाट, पॅक्लोब्युट्राझोल यांसारख्या वाढनियंत्रकांस १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते. शैवालअर्कादी जैव-उत्तेजकांस २३ फेब्रुवारी २०२१ रोजी खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आणण्यात आले. सबब बाटलीवर द्रव्याचे नाव, त्याचे शेकडा प्रमाण, नोंदणीचा तपशील, पीक व मात्रा छापलेली नसेल तर ती बाटली परत करावी, व घेतल्यास पक्की पावती मागावी. उधारीने मिळते म्हणून घेतलेले औषध सर्वांत महाग पडते.

सभासदांस आमची विनंती अशी की, यंदा ज्यास फवारणी करावयाची असेल त्याने सर्व रानावर न करता एक-दोन गुंठ्यांवर करावी, शेजारी तेवढीच पट्टी कोरी ठेवावी, दोन्हींस पाणी सारखे द्यावे, आणि फवारणीची तारीख, पाण्याच्या पाळ्या, गवत सुकू लागल्याचा दिवस व पावसानंतर हिरवे झाल्याचा दिवस वहीत टिपून ठेवावा. कोरी पट्टी नसेल तर पावसाचा गुण औषधास मिळतो व उन्हाचा दोष नशिबास. आणि राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांस आमची सूचना आहे की, परदेशी गवतांवरील निष्कर्षांवर न थांबता आमच्या हरळीवर, पवन्यावर व मारवेलवर, आमच्या मुरमाड व काळ्या जमिनींत हे प्रयोग व्हावेत, आणि जेथे लाभ झाला नाही तेही तितक्याच ठळकपणे छापावे. अपयशाचे आकडे लपविले गेले की त्यांची किंमत शेतकरीच भरतो.

हरळीस पाऊस केव्हा पडेल हे ठाऊक नसते. तिला इतकेच ठाऊक असते की पाणी संपत आले म्हणजे वाढ थांबवावी, पान सोडावे व कांडी जपावी. एवढे शहाणपण ज्या संजीवकाने वेळेवर साधते ते अवश्य घ्यावे. जे याच्या उलट करते त्यावर, बाटली कितीही सुबक असली तरी, दुष्काळात एक पैही खर्च करू नये.